तट्ट्यांआडची चेरी

८ एप्रिल

बियाण्याच्या कंपनीनं धनराजला दिलेली ही डायरी नव्या सालापासून फळीवर कोरी पडली होती. आज मी ताब्यात घेतली. मी बोलायचं, रंजीतानं लिहायचं. रंजीता माझी सून. बारावी झाली आहे, अक्षर असं की मुंग्या ओळीनं चालल्या आहेत. आणखी शिकायचं होतं म्हणते. शिकून काय करणार होती, शेवटी माझीच सून झाली असती.

एक तक्रार आधीच टाकून ठेवते. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. "आत्याबाई, वहीत तसं बरं दिसत नाई," म्हणते. बरं बाई, वहीत मी पुण्याची. आणि ही वही कोणाला दाखवायची नाही. धनराजला तर मुळीच नाही. तो माझाच मुलगा, पण त्याच्याविषयी बरंच यायचं आहे.

लिहायचं कारण काल झालं. दीपिकेचा फोन आला, तोंड दिसतं तो. दीपिका धनराजची एकुलती. दोन वर्षं झाली, जपानात म्हाताऱ्या माणसांच्या घरात कामाला आहे. त्यांना अंघोळ घालते, भरवते, फिरवून आणते. इकडे नागभीडजवळ एक म्हातारी फुकटात पडली आहे, तिला सोडून.

काल ती एका झाडाखाली उभी होती. झाडाला पान नाही, नुसती फुलं. गुलाबी म्हणावं तर पांढरी, पांढरी म्हणावं तर गुलाबी. खाली सडा पडलेला आणि माणसं त्यावर चटया टाकून जेवत बसलेली.

मी विचारलं, "कोनी वेचून नाई राह्यलं?"

हसली. "आजी, हे मोहाचं झाड नाई. चेरी आहे. फक्त पाहाचं."

"खाचं नाई?"

"नाई."

"दारू?"

"नाई व आजी!"

आख्खं झाड फुलतं आणि कोणी टोपली घेऊन येत नाही. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

मग धनराजनं फोन ओढला. त्याचं एकच पालुपद, "कधी येतं?" ब्रह्मपुरीच्या बापूजींना त्यानं शब्द देऊन ठेवला आहे. त्यांचं खताचं दुकान, मुलगा गल्ल्यावर बसतो. दीपिका आली की साक्षगंध, मग लग्न, मग जपान बंद. मलाही बरंच वाटतं. ब्रह्मपुरी काय, एसटीत बसलं की पोचलं. पोरगी हाताशी राहील.

दीपिका वर फांदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आपल्या घरामागं सांदवाडीत असं झाड फुललं, की त्याच दिवशी तिकीट काढीन."

"पक्कं?"

"पक्कं."

रंजीता फुंकणी हातात धरून चुलीपाशी हसली. फार दिवसांनी हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. आता लिहितानाही सांगत नाही.

१९ एप्रिल

धनराजनं झाड आणलं!

नागपूरच्या नर्सरीतून, टेम्पोत निजवून. पहाडातली चेरी म्हणे. माझ्यापेक्षा उंच काठी, वर चार फांद्या, थोडी पानं. नर्सरीवाला म्हणत होता पावसात या, ह्या उन्हात नेऊ नका. पण धनराजच्या डोक्यात एकदा शिरलं की निघायला वाट नसते. बापाचंही तसंच होतं.

रंजीता भांडी घासत होती. टेम्पोतून झाड उतरलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. मी म्हटलं, "परातीनं स्वागत नको करू, हळदकुंकू आन." तिनं आणलं. आधी नुसती हळद, कुंकवासाठी परत जावं लागलं. उन्हानं असेल.

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाच्या सावलीला लावलं. शेजारची रुखमाबाई कुडावरून मान काढून उभी. "नीलाबाई, कायचं झाड व?"

"जपानचं."

"फळ?"

"नाई."

"पाला शेळीले चालते?"

"ठाऊक नाई."

"मंग लावलं काऊन?"

"नात येनार हाय त्याले फुलं आल्यावर."

रुखमाबाईनं झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग तू भल्ली जगशीन, शंभरच्या वर," म्हणाली.

११ मे

कोंबड्या चोच उघडून सावलीत पडतात असं ऊन. मी झाडाभोवती बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या. बुडाशी बारीक भोकाचं मडकं पुरलं, भोकात चिंधी घातली. पाणी थेंबाथेंबानं मुरतं. मडकं भरायचं काम रंजीताकडे.

आज दुपारी पाहिलं तर मडकं कोरडं ठक्क. सकाळी तर भरलं होतं, तिनंच सांगितलं. मी रुखमाबाईच्या कोंबड्यांना शिव्या घातल्या. मग वाटलं, कोंबडी मडकंभर पाणी पिऊन उभी कशी राहील? मग कावळ्यांना घातल्या.

रंजीताला विचारलं, तुला काय वाटतं. तिची लेखणी थांबली आहे. लिही ना. कावळे लिही.

१२ मे

मडकं काठोकाठ. वर ओलं पोतंही कोणी टाकून ठेवलं. मी टाकलेलं नाही. धनराज सकाळपासून शेतात, धानाच्या बांधीत खत टाकतो आहे. कावळ्यांना पस्तावा झाला असावा.

२९ मे

आज एक ऐकलं ते जसंच्या तसं सांगते. रंजीता लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, वही माझी आहे.

दुपारची भाकर खाऊन मी पडले होते. डोळा लागेना म्हणून मागच्या दारात आले. तट्ट्यांच्या आत रंजीता. स्वतःच्या प्यायच्या लोट्यातलं पाणी झाडाच्या पानांवर शिंपडत होती. पानं करपून कडेनं काळी झालेली. आणि ती झाडाला म्हणत होती, "जग बाई. जग, पन फुलू नको."

मी आत येऊन परत पडले.

झाडाशी बोलते त्याचं काही नाही, मीही म्हशीशी बोलते. पण फुलायचं नाही तर जगायचं कशाला? आणि हे झाड फुलावं म्हणूनच तर घरात आलं. पोरीची आई असून तिला पोरगी यायला नको? मला तर रोज सकाळी वाटतं, माझ्या डोळ्यांत उजेड आहे तोवर यावी. काही कळत नाही. रंजीताला विचारलं तर म्हणते, "उन्हानं डोकं फिरलं होतं, आत्याबाई." लिहिताना मात्र डोकं ठिकाणावर आहे, एक शब्द चुकला नाही.

२० जुलै

धानाची रोवणी चालू आहे, घरात सगळे चिखलाचे पाय. म्हणून वहीला हात लागला नाही.

आनंदाची गोष्ट! झाडानं डिंक दिला. खोडावर मधाच्या रंगाचे गोळे, बोटाला चिकटणारे. मी रुखमाबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. "पाहा, म्हने काई देत नाई." फळ नाही, फूल नाही, पण डिंक तर आला! दीपिका आली की लाडू करीन. आणखी यावा म्हणून, धावड्याच्या झाडाला करतात तसं, विळ्यानं खोडावर दोन-तीन खाचा पाडल्या. तुमच्या शाळेत शिकवत नाहीत ते.

२३ जुलै

शाळेत शिकवत नाहीत ते बरंच आहे.

आणखी डिंक आला, पण पानं पिवळी पडायला लागली. धनराजनं नर्सरीवाल्याला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. मी मोठ्या तोऱ्यात डिंकाचं सांगितलं. तो पलीकडून ओरडला, "आजी, तो डिंक नाई, झाड आजारी हाय! पानी जास्त झालं. आन् खाचा कोनी पाडल्या?"

मी म्हटलं, "कावळ्यांनी."

मग त्यानं समजावलं. बुडाजवळ पाणी साचू देऊ नका. खाचांवर चुना लावा. फुलायची घाई करू नका. याचं असं आहे, पान झडलं की फूल, पान आहे तोवर आशा नाही.

बुडाभोवतीची माती उपसून चर काढला, पाणी वाहतं केलं. रंजीतानं खाचांना चुना लावला, लेकराच्या जखमेला लावावा तसा फुंकर घालत. मग फुलू नको का म्हणत होती?

२६ ऑगस्ट

पोळा होऊन गेला. काल ब्रह्मपुरीहून बापूजी आले, बायको आणि मुलासकट. झाड पाहायला!

खरंच सांगते. मुलगी पाहायला येतात तसे आले. धुतलेले कपडे, हातात मिठाईचा डबा. रंजीतानं चहा-पोहे केले. मग सगळे सांदवाडीत गेले आणि झाडापुढे उभे राहिले. बापूजींची बायको म्हणाली, "नाजूकच हाय." मुलानं एक फांदी वाकवून पाहिली. मी म्हटलं, "भाऊ, दात मोजून घ्याचे असतीन तर तेही घ्या." तो मागे सरकला. पोरगा वाईट नाही. नुसता बसलेला आहे, पोत्यासारखा.

बापूजी म्हणाले, "खत कमी पडून राह्यलं. एक पोतं पाठवतो. दिवाळीपर्यंत फुललं पाह्यजे, धनराजभाऊ. उन्हाळ्यात लग्न."

धनराज हसत होता, पण त्या हसण्यात भीक होती. पोरगी गेल्यापासून तो तिच्या खोलीतला पंखा रोज पुसतो. हे त्याला वाटतं कोणाला माहीत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी रंजीता फोनवर दीपिकेशी हळू बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "जानेवारीची परीक्षा." दोघी परीक्षेला इतकं काय भितात? पोरगी कामाला लागली ना? कामाला लागल्यावर कोण परीक्षा घेतं? मी तर लग्न झाल्यावर परीक्षाच देत होते, पण कोणी पास-नापास सांगितलं नाही.

खताचं पोतं आज आलं. रंजीतानं ते धानाच्या बांधीत टाकून दिलं. म्हणाली, झाडाला झेपणार नाही. तेही खरंच असेल.

२ ऑक्टोबर

घात झाला.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मागे आले, तर आपली पांढरी शेळी झाडापाशी. मागच्या पायांवर उभी, पुढचे दोन तट्टीवर. शेवटचं पान तोंडात. झाड नागवं!

मी चप्पल फेकली. शेळीनं माझ्याकडे पाहिलं आणि ते पान सावकाश चावलं.

नवल पुढं आहे. शेळी सुटली नव्हती. गोठ्याच्या खुंट्यालाच बांधलेली, गाठ पक्की. पण दोर तिचा नव्हता. विहिरीचा होता. लांबलचक. खुंट्यापासून झाडापर्यंत पुरेल असा. विहिरीचा दोर शेळीच्या गळ्यात कसा गेला? मी रुखमाबाईला विचारलं, तिनं मला तीन पिढ्यांचं ऐकवलं. धनराजला विचारलं, तो कपाळाला हात लावून पायरीवर बसला. जेवलाही नाही.

रंजीता, तू काऊन रडतं? शाई पसरते. उद्या लिहू.

४ ऑक्टोबर

शेळीनं दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही, नुसती कण्हत पडली होती. आज उठली. म्हणजे रुखमाबाईला उत्तर मिळालं, हा पाला शेळीला चालत नाही.

झाडाची नुसती फांद्यांची काडी राहिली आहे. मी रोज जाऊन नखानं साल खरवडून पाहते. आत हिरवी आहे. कोणासाठी हिरवी आहे कोणास ठाऊक.

३ नोव्हेंबर

आज लवकर जाग आली. धान कापणीला धनराज उजाडायच्या आधीच निघून गेला होता. मी दात घासत मागे गेले.

फुललं आहे.

चार फांद्या, पान एकही नाही, आणि टोकाटोकाला झुपके. फार नाहीत. पण फोनमध्ये दिसली होती तीच. गुलाबी म्हणावं तर पांढरी. हवा नव्हती तरी एक पाकळी माझ्या देखत सुटली आणि खाली यायला तिनं इतका वेळ घेतला, की मला वाटलं मधेच विसरली.

मग नर्सरीवाल्याचं आठवलं. पान झडलं की फूल. पानं झडली नव्हती, शेळीनं झाडली. शेळीला ओवाळावं की आणखी एक चप्पल मारावी, कळेना.

मी हाक मारली, "रंजीता! इकडे ये व!"

आली. पाहिलं. आणि खाली बसली, ओल्या मातीत, लुगड्याची पर्वा न करता.

"आता काऊन रडतं? फुललं ना!"

"आत्याबाई," म्हणाली, "जानेवारीत तिची परीक्षा हाय. पास झाली का तिथं पक्की होते. मंग कोनी तिले काढू शकत नाई. आता आली तर सारं गेलं. मंग ते दुकान आन् ते पोतं."

"मंग बापाले सांगाचं ना."

"सांगतलं. किती डाव सांगतलं. त्याईले ऐकूच येत नाई. म्हून तिनं झाडाचं सांगतलं. तिले वाटलं, आपल्या उन्हात हे फुलनारच नाई."

मी दातवण तोंडातच धरून उभी. म्हणजे पोरीनं बापाला 'नाही' म्हटलं होतं. आम्हाला ते 'हो' ऐकू आलं. धनराजनं तिचं 'नाही' टेम्पोत घालून आणलं, मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि उन्हाळाभर पाणी पाजलं. आणि ते फुललं!

मला वाटलं होतं ती माझ्यासाठी येईल. आता वाटतं, तसं तिनं कधी म्हटलंच नव्हतं. मग मला राग आला. मग राग कोणाचा आला ते सापडेना. रंजीताचा म्हणावा, तर ती मातीत बसलेली. पोरीचा म्हणावा, तर ती तिकडे कोणाच्या तरी म्हातारीला भरवत असेल. मग झाडाचाच केला. "तुले कोनी सांगतलं होतं?" म्हटलं त्याला.

रंजीता म्हणाली, "आता हे येतीन दुपारी."

"येऊ दे. तट्ट्या आन. सगळ्या. वरची बी."

दोघींनी मिळून तट्ट्या उभ्या केल्या, चारही अंगांनी, वरून पोतं. बाहेरून दिसेनासं केलं. सुतळी बांधताना मी रंजीताला म्हटलं, "आन् उद्यापासून विहिरीचा दोर विहिरीवर ठेवजो. बादली काढाले हात पुरत नाई माहा."

तिनं मान खाली घातली. गाठ आणखी आवळली.

दुपारी धनराज आला. "माय, आता कुठी ऊन राह्यलं? तट्ट्या काऊन?"

"थंडी लागते त्याले."

"पहाडातलं झाड हाय ते!"

"तू बी माह्याच पोटचा हाय. तुले कानटोपी काऊन लागते?"

"फुललं-गिललं तर नाई?"

"फुललं असतं तर म्या गावभर सांगतलं नसतं?"

त्याला ते पटलं. मला ओळखतो.

४ नोव्हेंबर

दुपारच्या चहाची कपबशी घेऊन मी तट्ट्यांच्या आत जाऊन बसले. पाट नेला. आत उजेड चाळणीतून यावा तसा येतो. रुखमाबाईनं बाहेरून विचारलं, "आत काय करतं व?" मी म्हटलं, "शेकून राह्यली झाडाले." अंगावर, कपात, पाकळ्या पडत होत्या. एक चहाबरोबर पोटात गेली. चव काहीच नाही. पाहायचंच झाड आहे, पोरगी खोटं बोलली नव्हती.

आत बसून एक ठरवायला गेले ते ठरलं नाही. धनराजला सांगावं? बाप आहे. जानेवारीनंतर सांगावं? तोवर फुलं कुठली. परीक्षा झाली म्हणजे पोरगी कधीतरी येईल, की मग येणारच नाही? रंजीता म्हणते येईल, सुटीला येईल. रंजीता कावळ्यांचंही लिहीत होती.

संध्याकाळी फोन आला. धनराजनं मला मधे बसवलं, रंजीता मागे उभी. दीपिका थकलेली, डोळ्यांखाली काळं. तरी हसली. "आजी, झाड काय म्हनते?"

धनराज माझ्या तोंडाकडे पाहत होता. पोरगीही. तिकडे तिचा श्वास थांबलेला मला इथं दिसला.

"काई नाई म्हनत, बाई," मी म्हटलं. "काडी झाली त्याची. शेळीनं खाल्लं, आता थंडीनं मेलं का जगलं पाहाचं. यंदा काई फुलत नाई ते. तू आपलं काम कर. परीक्षा का काय हाय ना तुही?"

धनराज म्हणाला, "कायची परीक्षा?"

"तेच तर विचार ना तिले," मी म्हटलं. "कवापासून सांगून राह्यली."

त्यानं मागं रंजीताकडे पाहिलं. मग पहिल्यांदा त्यानं 'कधी येतं' विचारलं नाही. विचारलं, "कठीन असते का?"

दीपिका सांगायला लागली आणि मधेच थांबली. फोन तोंडाजवळ आणला. माझ्याकडे निरखून पाहू लागली. "आजी... तुह्या केसात काय हाय व?"

मी हात लावला. पाकळी. धनराज चष्मा शोधायला उठला.

"कापूस हाय," मी म्हटलं. "उद्या पुनव ना, वाती वळून राह्यली."

तिचे डोळे भरून आले होते की फोन हलत होता, मला नीट दिसलं नाही. मग म्हणाली, "ठेव आजी. काढू नको. शोभते तुले."

आत्ता रंजीता लेखणी धरून विचारते, "आत्याबाई, इथी काय लिहू?"

कापूस लिही.